अंगणातली खुडुक

अमेरिकेतल्या बॉथेलमध्ये जूनचा दिवस सोळा तासांचा असतो. पहाटे पाचच्या सुमारास उजाडते आणि रात्रीचे नऊ वाजले तरी परसात उजेड रेंगाळत असतो. कोंबड्यांचा हा अंडी देण्याचा भर. नेमक्या याच दिवसांत खुराड्यातली एखादी कोंबडी अंडी द्यायची थांबते आणि पेटीतल्या भुश्श्यावर ठाण मांडते. दाणे टाकले तरी उठत नाही. हात जवळ नेला की सगळी पिसे फुलवून दुप्पट होते, घशातून खर्जातला ‘कुर्रर्र’ काढते आणि सरळ मनगटावर चोच हाणते. कालपर्यंत पायात घुटमळणारी कोंबडी आजारी पडली की काय, या काळजीने घरचे हैराण होतात. त्यातल्या कुणी गावाकडे फोन लावलाच, तर पलीकडून आजी क्षणात निदान करते: काही झालं नाही तिला, खुडुक बसलीय.

निदान अचूक असते. त्यापुढचा सल्ला मात्र बॉथेलला लागू पडेलच असे नाही. कारण आजीच्या गावात खुडुक कोंबडी म्हणजे मिळकत. बॉथेलच्या परसात तीच कोंबडी अडचण होऊन बसते. पक्षी तोच, स्वभाव तोच, फक्त आजूबाजूची परिस्थिती बदललेली. खुडुकीचे काय करायचे याचे उत्तर त्या परिस्थितीत दडलेले आहे.

बॉथेल हे सिएटलच्या ईशान्येला, सॅमामिश नदीकाठचे शहर. 1909 साली ते रीतसर नगर झाले. अर्धे किंग काउंटीत, अर्धे स्नोहोमिश काउंटीत. रेडमंडचे मायक्रोसॉफ्ट गाडीने फार लांब नाही, त्यामुळे भारतीय वस्ती भरपूर. गावात मोठे हिंदू मंदिर आहे आणि सिएटल परिसरात मराठी मंडळींचे महाराष्ट्र मंडळही आहे. घरामागे चार-सहा कोंबड्या पाळण्याची हौस या भागात जुनीच. बॉथेलचे ‘कंट्री व्हिलेज’ नावाचे दुकानांचे आवार 2019 साली बंद होईपर्यंत तिथे कोंबड्या आणि बदके गिऱ्हाइकांच्या पायांमधून मोकळी फिरत असत. मध्यंतरी बर्ड फ्लूमुळे अमेरिकेत अंडी कडाडली, मार्च 2025 मध्ये डझनाचा सरासरी भाव 6.23 डॉलरवर गेला, तेव्हा ज्यांना हौस नव्हती त्यांनाही खुराड्याचा मोह पडू लागला.

त्याआधीही इथे एक मोठे कोंबडीपर्व होऊन गेले आहे. बॉथेलच्या वायव्येला काही मैलांवर, आज जिथे लिनवुड शहर आहे तिथे, प्युजेट मिल कंपनीची जंगलजमीन होती. झाडे तोडून झाली, उरले नुसते बुंधे. 1917 पासून कंपनीने त्या जमिनीचे पाच-दहा एकरांचे तुकडे पाडून ‘ऑल्डरवुड मॅनर’ या नावाने विकायला काढले. इथे या, कोंबड्या पाळा, अंडी विका आणि सुखाने राहा, अशी जाहिरात. नवख्यांना शिकवायला कंपनीने स्वतःचे प्रात्यक्षिक फार्मही उभारले. सिएटल आणि एव्हरेटमध्ये धावणाऱ्या विजेच्या गाडीने अंडी बाजारात जात. 1920च्या दशकात या वसाहतीत माणसांपेक्षा कोंबड्या कितीतरी पटींनी जास्त होत्या. पुढे महामंदी आली आणि तो डाव मोडला. अंड्यांवर पोट असलेल्या अशा शेतकऱ्याला खुडुक कोंबडी म्हणजे खाऊन बसणारा, कामावर न येणारा गडी. बॉथेलमधल्या आजच्या हौशी पाळणाऱ्याला तिचा जो वैताग येतो, तो त्या मानाने सौम्यच म्हणायचा.

खुडुक होणे हा रोग नाही आणि हट्टही नाही. दिवस मोठा होत जातो, घरट्यात अंडी साठत जातात, पोटाच्या कातडीला त्यांचा स्पर्श होत राहतो, आणि कोंबडीच्या मेंदूतून प्रोलॅक्टिन हे संप्रेरक वाढू लागते. सस्तन प्राण्यांत आईला दूध आणणारे तेच हे प्रोलॅक्टिन. कोंबडीच्या शरीरात ते अंडी तयार करणाऱ्या संप्रेरकांना दाबते, त्यामुळे अंडाशय आक्रसतो आणि अंडी थांबतात. मग ती छातीखालची, पोटाची पिसे स्वतःच्या चोचीने उपटते. ही खूण एकदा पाहिली की विसरत नाही. तिला दोन्ही हातांनी उचलून उलटे केले, तर पोटाखाली तळहाताएवढी उघडी, लालसर, गरम कातडी दिसते. कोंबडीच्या शरीराचे तापमान 41 अंश सेल्सिअसच्या आसपास असते. मध्ये पिसांचा पडदा नसला की ती ऊब थेट अंड्याला पोचते.

दिवसातून एकदा, फार तर दोनदा, ती पंधरा-वीस मिनिटांसाठी उठते. घाईघाईने दाणे टिपते, पाणी पिते, धुळीत लोळून अंग झाडते आणि दिवसभराची विष्ठा एकदमच टाकते. तिचा आकार आणि वास, दोन्ही नवख्याला दचकवतात. घरटे घाण होऊ नये म्हणून तिने ती रोखून धरलेली असते. पुन्हा पळत जाऊन जागेवर. एकवीस दिवस हा क्रम चालतो; या काळात तिचे वजन चांगलेच उतरते आणि लालबुंद तुरा फिका पडतो.

बॉथेलमधली खरी पंचाईत इथून सुरू होते. एकवीस दिवसांनी पिल्ले निघाली, तर प्रोलॅक्टिनचे काम संपते आणि कोंबडी आईच्या भूमिकेत शिरते. पण खुराड्यात कोंबडाच नसेल तर अंडी फळणार कशी? वस्तीत बहुतेक लोक कोंबडा ठेवतच नाहीत, कारण त्याच्या बांगेवरून शेजाऱ्यांशी वाद होतात. शेजारच्या सिएटलने 2010 मध्ये घरटी कोंबड्यांची मर्यादा तीनवरून आठवर नेली आणि त्याच वेळी नवा कोंबडा पाळायला मात्र बंदी घातली. कोंबडे झाकले म्हणून उजाडायचे राहत नाही, हे आपल्याकडे ठाऊक असले तरी सिएटलच्या नगरसभेला सकाळ शांत हवी होती. परिणामी इथली खुडुक वांझ अंड्यांवर बसते. अंडी काढून घेतली तर गोल्फच्या चेंडूवर बसते. चेंडूही काढला तर नुसत्या भुश्श्यावर बसते. पिल्ले येत नाहीत, म्हणून शरीराला थांबायचा इशाराही मिळत नाही, आणि काही कोंबड्या तीन आठवडे उलटून गेले तरी तशाच बसून राहतात.

‘बसू दे की, कंटाळली की उठेल’ हा सल्ला सगळ्यात सोपा आणि माझ्या मते सगळ्यात वाईट. खाणेपिणे कमी झालेली, धूळस्नान चुकलेली कोंबडी उवा आणि रक्त पिणाऱ्या लाल किड्यांना आयतीच सापडते; हे किडे दिवसा पेटीच्या फटींत लपतात आणि रात्री तिच्या अंगावर चढतात. बंद पेटीतली उष्णता हा वेगळाच धोका. एरवी थंड असलेल्या या प्रदेशात 28 जून 2021 रोजी सिएटलच्या विमानतळावर पारा 42 अंश सेल्सिअसवर गेला होता. अशा दिवशी लाकडी पेटीत पिसे फुलवून बसलेली, पाण्याला न उठणारी कोंबडी दगावू शकते. शिवाय ती सगळ्यात आवडती पेटी अडवून बसते, बाकीच्या तिच्या अंगावर चढून अंडी घालतात आणि रोज एखाद-दुसरे फुटते. पाळणाऱ्यांचा असाही अनुभव आहे की एकीला पाहून दुसरीही बसते.

गावाकडे हे सगळे प्रश्न कुणाला पडत नाहीत, कारण तिथे खुडुकीला काम असते. गावरान कोंबडी दहा-पंधरा अंडी घालते आणि खुडुक बसते. पिल्ले वाढवून झाली की पुन्हा अंडी. वर्षाकाठी पन्नास-साठ अंडी ही तिची कमाई, आणि ती कमी वाटली तरी त्यातूनच पुढचे खुराडे उभे राहते. घरातली कारभारीण टोपलीत भाताचे पिंजर घालते, राख भुरभुरते, किडा लागू नये म्हणून कडुनिंबाचा पाला घालते आणि अंधाऱ्या कोपऱ्यात तिला अंड्यांवर बसवते. विजा कडाडल्या की अंडी नासतात या समजुतीने कुणी टोपलीत लोखंडाचा तुकडाही ठेवते. स्वतःची कोंबडी खुडुक नसेल तर शेजारणीची मागून आणायची, नाहीतर पिल्ले वाट्याने घ्यायची. मध्य प्रदेशातल्या झाबुआची कडकनाथ स्वतः क्वचितच खुडुक बसते. महाराष्ट्रातही जिथे ती पाळतात तिथे तिची अंडी गावरान खुडुकीखाली उबवण्याची पद्धत आहे. म्हणजे या कामात भाव खाते ती साधी गावरानच.

खुडुक नको असेल तेव्हा मात्र गावाचे उपाय कडक असतात. थंड पाण्यात बुचकळायचे, पायाला दोरी बांधून उन्हात ठेवायचे, नाकपुडीतून पीस आरपार घालायचे. यातला शेवटचा उपाय देशाच्या बऱ्याच भागांत चालत आला आहे. पीस टोचत राहते, कोंबडी ते काढायच्या नादात अस्वस्थ होते आणि घरट्यावर स्थिर बसत नाही. तर्क चुकीचा नाही, पण त्यासाठी जनावराला इतका त्रास द्यायची गरज नाही. पाण्याचेही तसेच. पोट गार पडते हे खरे, पण बॉथेलच्या थंड संध्याकाळी भिजलेली कोंबडी वाळेपर्यंत गारठून जाते, आणि अंग सुकले की पुन्हा पेटीत जाऊन बसते.

व्यापारी कुक्कुटपालनाने हा प्रश्न मुळातूनच निकालात काढला. कॅलिफोर्नियातल्या पेटालुमा गावात लायमन बायस यांनी 1879 मध्ये इन्क्युबेटर आणला आणि उबवणीचे काम यंत्राकडे गेले. कोंबडीला मग एकच काम उरले, अंडी घालणे. खुडुक बसणाऱ्या माद्या पिढ्यान्‌पिढ्या बाजूला काढत गेल्याने पांढऱ्या लेगहॉर्नमध्ये ही वृत्ती जवळपास नाहीशी झाली. आज महाराष्ट्रातल्या दुकानात मिळणारे पांढरे अंडे अशाच, वर्षाला तीनशेच्या वर अंडी देणाऱ्या कोंबडीचे असते. पुण्याच्या व्यंकटेश्वरा हॅचरीजने, म्हणजे बी. व्ही. राव यांनी 1971 मध्ये सुरू केलेल्या उद्योगाने, तशा जाती भारतभर पोचवल्या. स्कॉटलंडच्या रोझलिन संस्थेतल्या पीटर शार्प आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तर 1994 मध्ये बँटम कोंबड्यांना प्रोलॅक्टिनविरुद्ध लस टोचून त्यांचे खुडुक होणे लांबवून दाखवले. ‘डॉली’ मेंढी जन्माला घालणारी संस्था ती हीच.

अंगणात हौसेने पाळल्या जाणाऱ्या जाती नेमक्या उलट्या टोकाच्या. रेशमासारख्या पिसांची सिल्की, गुबगुबीत कोचिन, शांत ऑर्पिंग्टन, पायांपर्यंत पिसे असलेली ब्रह्मा. मुलांना त्या आवडतात, फोटोत छान दिसतात, आणि खुडुक बसण्यात पटाईत असतात. ब्रह्माचे नाव ब्रह्मपुत्रेवरून पडले असले तरी ही जात अमेरिकेतच, मुख्यतः चीनमधून आलेल्या पक्ष्यांपासून एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर घडली. सिल्की घेऊन रोज अंड्याची अपेक्षा ठेवणाऱ्याने दोष कोंबडीला देऊ नये.

तर मग करायचे काय? आधी ठरवायचे की पिल्ले हवीत की नकोत. नको असतील तर पहिल्या एक-दोन दिवसांतच हालचाल करावी. जितका उशीर, तितकी ती घट्ट बसते. दिवसातून चार वेळा उचलून बाहेर सोडणे, अंडी लगेच गोळा करणे, रात्री बाकीच्यांबरोबर दांडीवर बसवणे, पेटीचे तोंड बंद करणे, एवढ्याने काही जणींची खुडुक मोडते. बऱ्याच जणींची मोडत नाही. त्यांच्यासाठी इथे जाळीच्या तळाचा पिंजरा वापरतात. तळाला भुस्सा नाही, कापड नाही, नुसती तारेची जाळी. पिंजरा विटांवर किंवा दोन ओंडक्यांवर ठेवून जमिनीपासून उचललेला. आत पाणी, नेहमीचा दाणा, वर सावली आणि चांगला उजेड. बाकीच्या कोंबड्या दिसतील अशा जागी ठेवला तर उत्तम.

यामागचे कारण साधे आहे. प्रोलॅक्टिनची पातळी टिकते ती घरट्याच्या ऊबेमुळे आणि उघड्या कातडीला होणाऱ्या स्पर्शामुळे. जाळीखालून वारा खेळता राहिला, पोटाला टेकायला काहीच मिळाले नाही, की ती पातळी उतरू लागते. साधारण तीन दिवस-रात्रींनी तिला सोडून पाहावे. धुळीत लोळली, गवत उकरू लागली तर काम झाले. सरळ पेटीकडे धावली तर आणखी दोन दिवस आत. दोन-तीन आठवडे बसून राहिलेली कोंबडी अर्थातच जास्त वेळ घेते. पहिले अंडे लगेच मिळत नाही. आक्रसलेला अंडाशय पुन्हा कामाला लागायला एक ते तीन आठवडे जातात. पिंजऱ्यात ठेवणे क्रूर वाटते, अशी तक्रार काही जण करतात. तीन दिवस जाळीवर राहणे आणि सहा आठवडे उपाशी, किड्यांनी भरलेल्या पेटीत बसणे, यांतले काय बरे हे त्यांनी एकदा कोंबडीचे वजन हातात घेऊन पाहावे.

पिल्ले हवी असतील तर खुडुकीसारखे यंत्र नाही. ती तापमान सांभाळते, अंडी उलटत राहते, पिल्लू कवचाच्या आत चिवचिवू लागले की त्याला हलक्या आवाजात उत्तर देते. जवळपासच्या फार्मवरून फळलेली अंडी आणून मोठ्या कोंबडीखाली दहा-बारा ठेवावीत. प्रत्येकावर पेन्सिलने खूण हवीच, नाहीतर इतर कोंबड्यांनी वरून घातलेली ताजी अंडी मिसळतात आणि कुठले किती दिवसांचे हेच कळेनासे होते. सातव्या-आठव्या दिवशी अंधारात टॉर्चपुढे अंडे धरले की फळलेल्यात लाल शिरांचे जाळे दिसते. नुसते पिवळट, स्वच्छ दिसले तर ते काढून टाकावे. अठराव्या दिवसानंतर हात लावू नये. पण यात एक मेख आहे: निघालेल्या पिल्लांपैकी साधारण निम्मे कोंबडे असणार. जिथे कोंबडा चालत नाही तिथे चार महिन्यांनी बांग देऊ लागलेल्या पाच-सहा तरुणांना घर शोधणे सोपे नसते. आपल्याकडे त्यांचे रविवारी जे होते ते इथे प्रत्येकाला जमत नाही.

म्हणून इथले अनुभवी लोक वेगळी युक्ती करतात. अंड्यांऐवजी एक दिवसाची, निवडलेली मादी पिल्लेच आणतात. पिल्लाची नर-मादी ओळख पहिल्याच दिवशी पटवण्याचे तंत्र जपानी शास्त्रज्ञांनी विकसित केले आणि 1930च्या दशकात ते जगभर गेले; त्यावरच हा व्यापार उभा आहे. अमेरिकेत अशी पिल्ले 1918 पासून चक्क टपालाने येतात. अंड्यातून निघण्याआधी पिल्लू उरलेला बलक पोटात ओढून घेते आणि त्याच्या बळावर जवळपास तीन दिवस दाण्यापाण्याशिवाय तग धरते, म्हणून टपालखात्याला हे जमते. भोकांच्या पुठ्ठ्याच्या खोक्यातून येणारा चिवचिवाट पोस्टाच्या कचेरीत वसंतभर ऐकू येतो.

ही पिल्ले खुडुकीने निदान दोनेक आठवडे बैठक केल्यावर, रात्रीच्या काळोखात, दिवा न लावता, एकेक करून तिच्या पंखाखाली सरकवायची आणि त्याच हाताने खालची अंडी काढून घ्यायची. पिल्ले एक-दोन दिवसांचीच हवीत. आठवड्याची झालेली पिल्ले तिला आई मानत नाहीत आणि तीही त्यांना जवळ करत नाही. पहाटे उठून पाहणे मात्र चुकवू नये. ती हळू आवाजात कुककुक करत असेल आणि पंखांतून चिमुकली डोकी डोकावत असतील तर जमले. चोचीने टोचत असेल तर पिल्ले लगेच काढून दिव्याच्या उबेत ठेवायची. तो दिवा आदल्या दिवशीच तयार हवा. पिल्लांना त्यांचा बारीक दाणाच द्यावा, अंडी देणाऱ्या कोंबड्यांचा नाही, कारण त्यातले जास्तीचे कॅल्शियम कोवळ्या मूत्रपिंडांना झेपत नाही. आईनेही त्या काळात पिल्लांचाच दाणा खाल्ला तरी बिघडत नाही. पाण्याचे भांडे उथळ, त्यात चार खडे.

बाकी राखण आली. बॉथेलच्या विद्यापीठ परिसरातल्या पाणथळीत थंडीत संध्याकाळी हजारोंनी कावळे उतरतात, काही वेळा दहा-पंधरा हजारांपर्यंत. ते दृश्य पाहायला माणसे मुद्दाम जातात. उरलेल्या वर्षात हेच कावळे आसपासच्या परसांवर नजर ठेवून असतात आणि एकटे पिल्लू त्यांना सहज उचलता येते. ससाणे आहेत, कोयोटी आहेत, आणि रकून तर साधी कडी हाताने उघडतो. पिल्लांची आई कावळ्यावर धावून जाते, रकूनपुढे तिचे काही चालत नाही. रात्रीचे खुराडे पक्क्या कुलपाचे आणि बारीक जाळीचे हवे. पिल्लांना हाताळल्यावर मुलांनी साबणाने हात धुवावेत आणि त्यांचे मुके घेऊ नयेत. अंगणातल्या कोंबड्यांमुळे साल्मोनेलाची लागण होण्याचे प्रकार अमेरिकेत दर वर्षी नोंदले जातात.

पाच-आठ आठवड्यांनी आई एके दिवशी पिल्लांना चोच मारून दूर करते आणि पुन्हा दांडीवर झोपायला जाते. थोड्याच दिवसांत तिचा तुरा लाल होतो, अंडी सुरू होतात. पण एकदा खुडुक झालेली कोंबडी त्याच उन्हाळ्यात दुसऱ्यांदा बसू शकते, आणि पुढच्या वर्षी तर बहुधा बसतेच. सप्टेंबरनंतर मात्र हा प्रश्न आपोआप मिटतो: बॉथेलचा दिवस झपाट्याने लहान होतो, डिसेंबरात साडेआठ तासांवर येतो, कोंबड्या पिसे गाळतात आणि खुडुक काय, अंडीही थांबतात. ज्यांना हिवाळ्यातही अंडी हवीत ते खुराड्यात दिवा लावून उजेड चौदा-सोळा तासांपर्यंत वाढवतात. बाकीचे जानेवारी सरायची वाट पाहतात आणि तोवर दुकानातून डझन आणतात.